प्रायॉन हाताळताना: संशयित गाईपासून शस्त्रक्रियेच्या ट्रेपर्यंत

१९७० च्या दशकात झुरिकमध्ये मेंदूत खोल घालायचे चांदीचे इलेक्ट्रोड क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या जीवघेण्या प्रायॉन आजाराच्या एका रुग्णावर वापरले गेले. नंतर ते अल्कोहोलने पुसले, फॉर्माल्डिहाइडच्या वाफेत ठेवले आणि अपस्माराच्या दोन तरुण रुग्णांवर वापरले. दोघांनाही तोच आजार झाला. पुढे दोन वर्षांहून अधिक काळानंतर तेच इलेक्ट्रोड एका चिंपांझीच्या मेंदूत बसवले, तर तोही आजारी पडला. दरम्यान ते अनेकदा स्वच्छ झाले होते, नियमाप्रमाणे.

प्रायॉनबाबतची प्रत्येक सूचना या घटनेतून कळते. प्रायॉन जिवाणू नाही, विषाणूही नाही. मेंदूच्या पेशींवर असणारे आपलेच एक प्रथिन चुकीच्या घडीत दुमडते आणि शेजारच्या चांगल्या प्रथिनांनाही त्याच घडीत ओढते. त्यात डीएनए नाही, आरएनए नाही, त्यामुळे अतिनील किरण, किरणोत्सर्ग यांना नष्ट करायला हातात काही लागतच नाही. स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये हे नाव दिले आणि १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

खालची माहिती पशुवैद्य, पशुखाद्य कारखाने, कत्तलखाने, शिकारी, रुग्णालयातील शस्त्रक्रिया विभाग आणि प्रयोगशाळा यांच्यासाठी आहे. तीन गोष्टी सतत डोक्यात ठेवा. प्रायॉन सुकला की पोलादाला घट्ट चिकटतो. फॉर्मॅलिन, म्हणजे फॉर्माल्डिहाइडचे पाण्यातले द्रावण, त्याला मारत नाही, उलट टिकवते. आणि लक्षणे दिसेपर्यंत वर्षे गेलेली असतात, म्हणून लक्षणांची वाट पाहून केलेला बंदोबस्त नेहमी उशिराचा असतो.

संशय कधी घ्यायचा

मॅड काऊ म्हणजे बीएसई, गाईंचा प्रायॉन आजार. तिची बाधा सहसा वासरूपणी खाद्यातून होते आणि लक्षणे साधारण ४ ते ६ वर्षांच्या वयात दिसतात. अडीच वर्षांच्या आतले जनावर आजारी पडणे दुर्मिळच. सुरुवात नाट्यमय नसते. दूध काढताना न लाथाडणारी गाय लाथाडू लागते, दारातून किंवा फटकातून जाताना अडते, कळपात मागे राहते, सतत नाक चाटते. खाणे चांगले असूनही वजन व दूध घटते. मग मागचे पाय लांब फेकत चालणे, वळताना तोल जाणे, पडणे, आणि शेवटी उठता न येणे.

तपासणी शांत जागेत, निसटणार नाही अशा ओळखीच्या दावणीत करा. अनोळखी जागेत बांधलेली निरोगी गायही बिचकते आणि सगळी तपासणी वाया जाते. चार गोष्टी बघा. डोके-मानेला हलका हात लावा. मागच्या पायाच्या खालच्या भागाला काठीचे टोक टेकवा. अचानक टाळी वाजवा किंवा लोखंडी वस्तू आपटा. कॅमेऱ्याचा फ्लॅश मारा. एकदा दचकली म्हणजे काही सिद्ध होत नाही. तीच गोष्ट पाच-सहा वेळा करा. निरोगी जनावर तिसऱ्या-चौथ्या वेळी सरावते, बीएसईची गाय मात्र दरवेळी तितकीच उसळते. निदानाला दिशा देते ते हे न सरावणे, पहिले दचकणे नव्हे. एकच तपासणी पुरेशी मानू नका, ८-१० दिवसांनी पुन्हा करा. बीएसई मागे फिरत नाही, हळूहळू वाढतच जाते.

त्याआधी बरे होऊ शकणारे आजार वगळा. मॅग्नेशियमची कमतरता तासांत येते आणि इंजेक्शनने तासांत ओसरते. चेतासंस्थेवर परिणाम करणारा केटोसिस व्यायल्यानंतरच्या आठवड्यांत दिसतो, तोंडाला व लघवीला गोडसर वास येतो. लिस्टेरिया जिवाणूची बाधा असेल तर बहुधा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते, एकाच दिशेने गोल फिरणे दिसते, ताप असतो. शिशाच्या विषबाधेत आंधळेपणा आणि दात खाणे. आणि रेबीज. रेबीज वगळेपर्यंत तोंडात हात घालू नका, लाळेपासून दूर राहा, हातमोजे व चेहऱ्यावर आडोसा ठेवा. बीएसईच्या विचारात रेबीज विसरणे ही फार महागात पडणारी चूक आहे, कारण बीएसई माणसाला गोठ्यात लागत नाही, रेबीज लागतो.

गाईच्या रक्तावर चालणारी नेहमीच्या वापरातली चाचणी नाही. जिवंतपणी फक्त संशय नोंदवता येतो. जनावर वेगळे बांधा, विक्री, कत्तल आणि दूध-मांस साखळी थांबवा, आणि सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला कळवा. बीएसई बहुतेक देशांत अधिसूचित आजार आहे. कळवणे ऐच्छिक नसते.

नमुना: मेंदूचा तोच भाग हवा

जनावर मारताना डोक्यात गोळी किंवा बोल्ट नको. मेंदूच्या देठाची जागा फाटते, आणि बोल्टनंतर छिद्रातून सळई फिरवण्याची पद्धत तर मेंदूचे कण रक्तप्रवाहात ढकलते. आधी गुंगीचे इंजेक्शन, मग शिरेतून बार्बिट्युरेट.

हवा असतो तो मेंदूच्या देठाचा ओबेक्स नावाचा भाग. मेंदूतली चौथी पोकळी निमुळती होत कणारज्जूच्या मधल्या नळीला मिळते तिथे इंग्रजी व्ही अक्षरासारखा कोन दिसतो, तोच ओबेक्स. बीएसईत विकृत प्रथिन सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त इथे जमते. मेंदूचा दुसरा कुठला तुकडा पाठवलात आणि निकाल निगेटिव्ह आला, तर त्या निकालाला अर्थ नाही.

डोके कवटी आणि मानेच्या पहिल्या मणक्यामधल्या सांध्यावर वेगळे करा. सुरी एक मणका मागे गेली तर कण्याचा तुकडा हाती येतो, पुढे गेली तर देठ फाटतो. डोके उलटे ठेवा, कवटीचे मागचे मोठे भोक तुमच्याकडे असू द्या. नमुन्यासाठी मिळणारा लांब चमचा मेंदूचे आवरण आणि देठ यांच्यामध्ये सरकवा आणि डावी-उजवीकडे हलवत बाजूच्या नसा कापत आत न्या. मग चमचा फिरवून देठ लहान मेंदूपासून तोडा आणि अलगद ओढा. खेचाखेच केली की देठ बरोबर ओबेक्सवरच तुटतो. बाहेर आल्यावर व्ही दिसतो का ते तिथेच बघा. एका जनावराला एक चमचा. तो धुऊन पुढच्या जनावराला वापरायचा नाही.

ओबेक्स मधोमध उभा चिरा. एक अर्धा ताजा, थंड ठेवून इलायझा किंवा वेस्टर्न ब्लॉट या विकृत प्रथिन शोधणाऱ्या चाचण्यांसाठी. दुसरा अर्धा १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या किमान दहापट द्रवात, सूक्ष्मदर्शकासाठी. सर्वांत नेहमीची चूक इथे होते: दोन्ही अर्धे फ्रीझरमध्ये जातात. गोठताना बर्फाचे स्फटिक पेशींत भोके पाडतात आणि ती स्पंजसारख्या विकृतीशी सहज गल्लत होतील अशी दिसतात. उलट, उन्हात दोन दिवस कुजलेला मेंदू सूक्ष्मदर्शकासाठी निरुपयोगी असला तरी टाकू नका. विकृत प्रथिन कुजण्याला दाद देत नाही, त्यामुळे इलायझा व वेस्टर्न ब्लॉटला तो बहुधा चालतो.

निगेटिव्ह निकालाचा अर्थ नीट समजून घ्या. या चाचण्या लक्षणांच्या आधीच्या काही महिन्यांतच पॉझिटिव्ह येतात. चार वर्षांच्या मुरण्याच्या काळात तिसऱ्या वर्षी कापलेली गाय चाचणीत स्वच्छ दिसू शकते. म्हणून चाचणी हे देखरेखीचे साधन आहे, मांस सुरक्षित असल्याचा दाखला नव्हे. माणसाचे खरे संरक्षण पुढच्या दोन गोष्टी करतात: खाद्य आणि धोक्याचे अवयव काढणे.

खाद्य: जिथे साथ फुटली आणि जिथे ती मोडली

ब्रिटनमध्ये बीएसई नोव्हेंबर १९८६ मध्ये ओळखली गेली. रवंथ करणाऱ्या जनावरांची मांस-हाडांची भुकटी पुन्हा गाईंनाच खाऊ घातली जात होती. जुलै १९८८ मध्ये त्यावर बंदी आली, तरी एकूण १,८०,००० हून अधिक गाईंना आजार झाला आणि त्यांतल्या ४०,००० च्या वर बंदीनंतर जन्मलेल्या होत्या. बंदी कागदावर बरोबर होती, पण त्याच कारखान्यात, त्याच मिक्सरमध्ये डुकरांचे आणि कोंबड्यांचे खाद्य तीच भुकटी घालून बनत होते. १९९६ मध्ये सगळ्याच पाळीव उत्पादक जनावरांसाठी सस्तन प्राण्यांची भुकटी बंद झाली तेव्हा कुठे गळती थांबली.

किती पुरते ते ऐका. प्रयोगात बाधित मेंदूच्या १ ग्रॅमने वासरे आजारी पडली, आणि १ मिलिग्रॅमच्या गटातलेही एक वासरू पडले. मोहरीचा एक दाणा याहून जड असतो. म्हणून मिक्सरमधून भरडलेला मका फिरवून धुतला, आता चालेल, हा हिशेब इथे बसत नाही. करण्यासारखे असे:

गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांचे खाद्य बनवण्याची यंत्रणा वेगळीच ठेवा. एकाच यंत्रावर आधी हे, मग ते, अशी पाळी लावू नका. कन्व्हेयरचे कोपरे, एलेव्हेटरचे तळ आणि सायलोच्या शंकूत जुनी भुकटी महिनोन्‌महिने बसते. वाहतुकीचा ट्रकही मोजा, भुकटी आणलेल्या ट्रकात परत येताना पेंड भरू नका. गोठ्यात कोंबडी खाद्य, कुत्र्या-मांजरांचे खाद्य गाईच्या तोंडाशी येणार नाही असे ठेवा. पोती एकमेकांवर रचलेली असली की फाटलेले एक पोते पुरते. कोंबड्यांचा लिटर (खाली अंथरलेला भुसा आणि विष्ठा) चारा म्हणून वापरू नका, त्यात सांडलेले कोंबडी खाद्य असते.

खाद्यात हाडे आहेत का, हे सूक्ष्मदर्शकाने बघतात. नमुना जड द्रवात ढवळला की वनस्पतीचे कण वर तरंगतात, हाडाचे तुकडे तळाशी बसतात. हाड कोणत्या प्राण्याचे हे त्यावरून ठरत नाही, म्हणून जोडीला पीसीआर, म्हणजे डीएनए ओळखणारी चाचणी. पण पीसीआर दुधाच्या भुकटीलाही रवंथ करणारा प्राणी म्हणून दाखवते. वासरांच्या खाद्यात दुधाची भुकटी असेल तर पीसीआर एकटी वाचू नका, हाडांचे तुकडे सापडले का ते आधी बघा.

भुकटी बनवताना उष्णता देऊन प्रश्न सुटेल ही आशाही पुरी पडत नाही. युरोपीय नियमांत ५० मिलिमीटरहून लहान तुकडे, १३३ अंश, ३ बार दाब, २० मिनिटे अशी प्रक्रिया आहे. तिने बाधकता पुष्कळ घटते, शून्य होत नाही. कारण सोपे आहे: चरबीने वेढलेल्या कोरड्या तुकड्याच्या आत ओली वाफ पोचतच नाही. जाळायचे असेल तर १००० अंश धरा. ६०० अंशांवर राख झालेल्या ऊतीतही प्रयोगात थोडी बाधकता उरली होती.

कत्तलखान्यात काय वेगळे काढायचे

युरोपीय संघाच्या यादीप्रमाणे गाईगुरांमध्ये: १२ महिन्यांवरील जनावराची कवटी (खालचा जबडा सोडून) मेंदू-डोळ्यांसह आणि पाठीचा कणारज्जू, ३० महिन्यांवरील जनावराच्या पाठीचे मणके (शेपटीचे व काही बाजूचे भाग सोडून), आणि कुठल्याही वयाच्या जनावराचे टॉन्सिल, लहान आतड्याचे शेवटचे चार मीटर, अंधांत्र व आतड्याचे पडदे. ज्या देशांचा धोका नगण्य ठरला आहे तिथे यादी आखूड असते, तेव्हा आपल्या देशाची चालू यादी भिंतीवर लावा.

करवत कणारज्जूतून उभी गेली की त्याचा लगदा दोन्ही बाजूंच्या मांसावर उडतो. म्हणून कणारज्जू आधी ओढून काढणे किंवा शोषून घेणे चांगले. डोके कापण्याच्या जागी कवटीचे भोक लगेच बंद करा, नाहीतर टांगलेल्या डोक्यातून मेंदू गालाच्या मांसावर ठिबकतो. धोक्याच्या अवयवांची सुरी वेगळ्या रंगाची ठेवा आणि ते अवयव दिसेल अशा रंगाने माखा, म्हणजे चुकून कोणी पुन्हा उचलणार नाही. यांत्रिक पद्धतीने हाडांवरून खरवडलेले मांस मणक्यांपासून घेऊ नका. त्यात कणारज्जूलगतच्या मज्जातंतूंच्या गाठी येतात, आणि त्या बाधित असतात.

दूध आणि निव्वळ स्नायूचे मांस यांच्याबाबत बीएसईत घबराट करू नका. धोका मेंदू, कणारज्जू, डोळा, आतडी यांत साठलेला असतो.

मेंढ्या आणि हरणे: इथे जमीनही संसर्ग धरते

बीएसई एका गाईकडून दुसरीला सहसा लागत नाही. मेंढ्या-शेळ्यांची स्क्रेपी आणि हरणांचा सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हे प्रायॉन आजार मात्र लागतात, आणि गोठ्यात, कुरणात, मातीत मुरतात. आइसलंडमध्ये स्क्रेपीने रिकामे केलेले कळप वर्षांनंतर पुन्हा भरले, तर आजार परत आला. एका गोठ्याबाबत तर १६ वर्षांनी.

स्क्रेपीत मेंढी २ ते ५ वर्षांची असताना खांब-कुंपणाला अंग घासते, लोकर झडते. पाठीवर, शेपटीच्या मुळाशी जोरात खाजवा: बाधित मेंढी बहुधा ओठ चाटू-चावू लागते आणि डोके वर करते. ही खूण उपयोगी असली तरी अंगावरच्या गोचीड-खरजेतही दिसते.

कळपात संसर्ग पसरवणारी मुख्य गोष्ट म्हणजे वार, म्हणजे व्याल्यानंतर बाहेर पडणारी नाळ-पिशवी. मेंढ्या वेगवेगळ्या कप्प्यांत व्यायला घाला, वार लगेच उचलून जाळा, तिथले गवत-पेंढा काढा. एकाच जागी सगळ्या मेंढ्या व्यायला घालणे म्हणजे संसर्गाला आमंत्रण. प्रजननासाठी जनुक बघता येते: प्रायॉन जनुकाच्या १३६, १५४ आणि १७१ या जागा. या तीन जागांवर एआरआर अशी अक्षरे असलेली मेंढी क्लासिकल, म्हणजे नेहमीच्या, स्क्रेपीला फार चांगली तोंड देते, व्हीआरक्यू असलेली लवकर बळी पडते. एआरआरच्या दोन प्रती असलेले मेंढे वापरत राहिलात तर काही पिढ्यांत कळप सावरतो. शेळ्यांत हे तितके सरळ नाही. जिवंत मेंढीत पापणीच्या तिसऱ्या पडद्यातून किंवा गुदाच्या अस्तरातून छोटा तुकडा काढून तपासता येतो, पण त्या ठिकाणी लसिका-गाठी पुरेशा आल्या नाहीत तर निकाल मिळत नाही.

सीडब्ल्यूडी १९६७ मध्ये कोलोरॅडोत पाळलेल्या म्यूल हरणांत पहिल्यांदा दिसला. लाळ, लघवी, लेंडी सगळ्यांतून पसरतो आणि चिकणमातीला, विशेषतः माँटमोरिलोनाइटला, घट्ट धरून राहतो. मिठाच्या विटा व चाऱ्याचे ढीग लावून हरणे एकत्र आणणे हे त्याचे खरे वाहन. २०१६ मध्ये नॉर्वेत रेनडियरमध्ये तो सापडला आणि त्या कळपातली दोन हजारांहून जास्त जनावरे मारावी लागली. माणसाला सीडब्ल्यूडी झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. तरीही शिकारीने बारीक झालेले, लाळ गाळणारे किंवा विचित्र वागणारे हरीण न खाणे आणि बाधित भागातल्या हरणाचा चाचणी-निकाल येईपर्यंत मांस थांबवून ठेवणे शहाणपणाचे. हातमोजे घाला, हाडे कापू नका, मांस हाडांपासून सोलून घ्या, मेंदू-कणा उघडू नका. चाचणीसाठी घशामागच्या लसिका-गाठी हव्यात. त्यांत प्रायॉन मेंदूपेक्षा लवकर दिसतो.

माणसांत: आधी बरे होणारे आजार शोधा

माणसातले प्रायॉन आजार बहुतांशी मांसातून येत नाहीत. क्रॉइट्झफेल्ट-याकोब वर्षाला दर दहा लाखांत एक-दोघांना होतो आणि त्यांतले साधारण ८५ टक्के कारणाशिवाय, आपोआप. बाकी बहुतेक आनुवंशिक. गाईच्या बीएसईमधून आलेला व्हेरियंट प्रकार, ज्याची घोषणा ब्रिटनमध्ये २० मार्च १९९६ रोजी झाली, जगभरात काही शेकड्यांतच मोजला गेला, त्यांतले १७८ ब्रिटनचे. त्याचे रुग्ण तरुण, मृत्यूचे मध्य वय २८ वर्षे. सुरुवातीला नैराश्य, चिंता, पायांत दुखणारी संवेदना, आणि आजार १३-१४ महिने चालतो. नेहमीचा प्रकार साठीच्या आसपास, आणि चार-सहा महिन्यांत संपतो.

स्मृती आठवड्या-महिन्यांत ढासळते, चाल बिघडते, दृष्टी अडखळते आणि अंगाला झटके येतात. असा रुग्ण आला की प्रायॉनचे निदान सगळ्यांत शेवटी करा. प्रतिकारशक्तीमुळे होणारा मेंदूदाह, थायमिन व बी-१२ ची कमतरता, थायरॉइडशी निगडित मेंदूविकार, लिथियम किंवा बिस्मथची विषबाधा, लिम्फोमा हे सारखेच दिसतात, आणि यांतल्या बऱ्याच जणांवर उपचार आहेत. प्रायॉनवर नाहीत.

एमआरआय मागवताना डिफ्यूजन क्रम स्पष्ट लिहा. साध्या चित्रांत काही दिसत नाही आणि रिपोर्ट सामान्य येतो. डिफ्यूजनमध्ये मेंदूच्या सालीवर फितीसारखी चमक किंवा मेंदूच्या आतले कॉडेट-पुटामेन हे भाग उजळलेले दिसतात. व्हेरियंट प्रकारात थॅलॅमसचा मागचा भाग, पुल्व्हिनार, उजळतो. मणक्यातल्या पाण्यावर आरटी-क्विक ही विकृत प्रथिन ओळखणारी चाचणी करा: ती पॉझिटिव्ह असेल तर ९८ टक्क्यांहून जास्त वेळा निदान खरे ठरते. पण सुई रक्ताळली तर रक्त या चाचणीला अडवते आणि खोटा निगेटिव्ह येतो. पहिले २ मिलिलिटर बाजूला टाका, स्वच्छ पाणी पॉलिप्रॉपिलीन नळीत घ्या, गोठवून पाठवा. व्हेरियंट प्रकारात ही चाचणी बहुधा निगेटिव्हच येते. तिथे टॉन्सिलचा तुकडा जास्त बोलका.

रुग्णाच्या शुश्रूषेत मात्र गडबड होते. घरचे ताट-वाटी वेगळी करतात, कपडे उकळतात, शेजारी बसायला घाबरतात, आणि त्याच वेळी रुग्णाच्या मेंदूच्या शस्त्रक्रियेची अवजारे नेहमीच्या धुलाईत जातात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. स्पर्शाने, लाळेने, एकत्र जेवल्याने हा आजार लागत नाही. लागतो तो मेंदू, कणारज्जू, डोळ्याचा मागचा भाग, मेंदूचे आवरण आणि पिट्यूटरी यांना लागलेल्या अवजारांतून, आणि अशा अवयवांपासून बनवलेल्या पदार्थांतून. १९८५ पूर्वी मृतदेहांच्या पिट्यूटरीतून काढलेले वाढीचे हार्मोन आणि मेंदूच्या आवरणाची कलमे यांनी शेकडो जणांना आजार दिला. व्हेरियंट प्रकारात टॉन्सिल, अपेंडिक्स आणि रक्तही धोक्याच्या यादीत येतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश पाहणीत ३२,४४१ अपेंडिक्समध्ये १६ पॉझिटिव्ह निघाले. म्हणून संशयित व्यक्तीने रक्त आणि अवयव देऊ नयेत.

निर्जंतुकीकरण

सर्वांत चांगला उपाय म्हणजे एकदाच वापरायची अवजारे घेणे आणि ती जाळणे. पण मेंदूच्या शस्त्रक्रियेचे सगळे सामान फेकता येत नाही, तेव्हा पुढची पद्धत.

सुकू देऊ नका. शस्त्रक्रिया चालू असतानाच अवजार पाण्यात किंवा ओल्या फडक्यात ठेवा. सुकलेल्या मेंदूच्या थराखाली कॉस्टिकही नीट पोचत नाही, आणि पुढचे सगळे उपाय त्या एका सुकण्यामुळे कमी पडतात. निदान अजून झालेले नसेल तर अवजारे घासून, वेगळ्या घट्ट झाकणाच्या, लेबल लावलेल्या डब्यात बाजूला ठेवा. इतर अवजारांच्या वॉशरमध्ये टाकू नका. ब्रशही टाकाऊच घ्या.

कॉस्टिक सोडा, १ नॉर्मल: १ लिटर पाण्यात ४० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड. सोडा पाण्यात घाला, पाणी सोड्यावर ओतू नका, नाहीतर द्रव उकळून तोंडावर उडतो. गॉगल, जाड रबरी हातमोजे, अ‍ॅप्रन. द्रावण रोज नवे करा, हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याला क्षीण करतो. अ‍ॅल्युमिनियमची अवजारे किंवा ट्रे यात घालू नका, हायड्रोजन निघतो आणि धातू खाल्ला जातो.

ब्लीच, २०,००० पीपीएम उपलब्ध क्लोरीन, म्हणजे २ टक्के: बाटलीवर ५.२५ टक्के असेल तर २ भाग ब्लीच, ३ भाग पाणी. ४ टक्के असेल तर निम्मे-निम्मे. १० टक्के असेल तर १ भागाला ४ भाग पाणी. पण बाटलीवरचा आकडा कारखान्यातला असतो. ऊन आणि उष्णतेत ठेवलेले ब्लीच महिन्यांत निम्मे होऊ शकते, म्हणून पट्ट्यांनी क्लोरीन मोजा. आणि ब्लीच स्टेनलेस स्टीललाही खड्डे पाडते. ब्लीच चालते, पण अवजार लवकर खराब करते. आमच्या मते सोडा हीच पहिली पसंती, ब्लीच जमीन-ओट्यासाठी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांतली कडक पद्धत अशी: अवजार १ नॉर्मल सोड्यात पूर्ण बुडवून गुरुत्व-पद्धतीच्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेचे यंत्र) १२१ अंशांवर ३० मिनिटे. मग धुणे, आणि नेहमीचे निर्जंतुकीकरण. भांडे स्टीलचे, झाकणाचे, आणि काठ असा की वाफ पाणी होऊन परत भांड्यातच पडेल. उघडे भांडे ठेवले तर सोड्याची वाफ ऑटोक्लेव्हलाच खाते. दुसरी पद्धत: सोड्यात किंवा ब्लीचमध्ये १ तास, मग बाहेर काढून पाण्याने चांगले धुवा, पाण्यात ठेवा, आणि १२१ अंशांवर १ तास ऑटोक्लेव्ह करा. ब्लीच लागलेले अवजार न धुता ऑटोक्लेव्हमध्ये घातले की क्लोरीन वायू बाहेर येतो. नुसते १३४ अंशांवर १८ मिनिटे हा यादीतला सर्वांत शेवटचा, सर्वांत कमजोर पर्याय आहे, आणि आधी सुकून बसलेल्या अवजारावर तो अपुरा ठरतो.

फरशी-ओट्यावर सांडले असेल तर दुप्पट ताकद: २ नॉर्मल सोडा, म्हणजे लिटरला ८० ग्रॅम, किंवा न पातळ केलेले ब्लीच. पृष्ठभाग १ तास ओला राहायला हवा. एकदा ओतून विसरलात तर वीस मिनिटांत सुकतो, मधे पुन्हा घाला. शिकारीच्या सुऱ्यांसाठी ४० टक्के घरगुती ब्लीचमध्ये ५ मिनिटे पुरल्याचे २०१९ च्या प्रयोगात दिसले, पण फक्त स्वच्छ घासलेल्या स्टीलवर. मांसाचा कण चिकटलेला असेल तर ब्लीच त्याच्या आत शिरत नाही.

काय चालत नाही, तेही माहीत असू द्या: अल्कोहोल, फॉर्मॅलिन, ग्लुटराल्डिहाइड, इथिलीन ऑक्साइड, अतिनील किरण, किरणोत्सर्ग, नुसते उकळणे. ग्लुटराल्डिहाइड तर प्रथिन पक्के बसवते, आणि शरीरात घालायच्या दुर्बिणीच्या नळ्या त्यातच बुडवल्या जातात. सोडा आणि उष्णता न सोसणाऱ्या अशा उपकरणांना पर्याय म्हणजे ती संशयित रुग्णावर वापरूच नका, किंवा टाकाऊ आवरण घाला.

फॉर्मॅलिनची भानगड प्रयोगशाळेत सर्वांत घातक ठरते. फॉर्मॅलिनमध्ये राहिलेला मेंदू वर्षांनीही बाधक असतो, आणि नंतर ऑटोक्लेव्हलाही जास्त दाद देत नाही. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये मेंढ्यांच्या मेंदूपासून बनवून फॉर्मॅलिनने निष्क्रिय केलेली लूपिंग इल या आजाराची लस हजारो मेंढ्यांना टोचली गेली आणि त्यातून स्क्रेपी पसरली. उपाय आहे: तुकडे ५ मिलिमीटरहून जाड नकोत, ९८ टक्के फॉर्मिक आम्लात १ तास, मग ताज्या फॉर्मॅलिनमध्ये परत. त्याने बाधकता फारच घटते आणि सूक्ष्मदर्शकासाठी ऊती टिकतात. जाड तुकड्यात आम्ल आत पोचत नाही. फॉर्मिक आम्लाचे हे पाऊल विसरून तुकडे सरळ मेणात गेले तर मायक्रोटोमची (पातळ काप काढणाऱ्या यंत्राची) पाती, मेणाचे भांडे आणि वापरलेले द्रवही बाधित धरा.

कापले, टोचले तर

लगेच कोमट साबणपाण्याने धुवा, रक्त अलगद वाहू द्या, पण घासू नका आणि चिमटून पिळू नका. भरपूर पाण्याने धुऊन कोरडे करा, पट्टी लावा. त्वचा न फाटता द्रव उडाला असेल तर साबणपाण्याने धुवून १ मिनिट ०.१ नॉर्मल सोडा किंवा एकास दहा पातळ केलेले ब्लीच लावून पुन्हा धुता येते. जखमेत किंवा डोळ्यात सोडा-ब्लीच नको, डोळा नुसत्या पाण्याने किंवा सलाइनने धुवा. बाधित ऊतीवर काम करताना काप-रोधक हातमोजे घाला, टोकदार चिमट्याऐवजी बोथट टोकाचा घ्या, काचेऐवजी प्लास्टिकच्या पट्ट्या. दोन लेटेक्स हातमोज्यांना टोक सहज भेदते.

आणि नोंद. तारीख, ऊती कोणती, कुठल्या जनावराची किंवा रुग्णाची, जखम किती खोल, ही माहिती संस्थेच्या कायमच्या नोंदीत आणि जखमी व्यक्तीच्या हातात, दोन्हीकडे द्या. फ्रान्समधल्या एका प्रयोगशाळेत २०१० मध्ये प्रायॉन-बाधित उंदराचा मेंदू हाताळताना चिमट्याच्या टोकाने दोन हातमोज्यांतून अंगठ्याला जखम झाली. लक्षणे साडेसात वर्षांनी दिसली, मृत्यू २०१९ मध्ये आला. मधल्या वर्षांत नोकरी, शहर, डॉक्टर सगळे बदललेले असू शकते, म्हणून ती चिठ्ठी माणसाजवळच राहायला हवी.